उष्ण कटिबंधात फिरायला कधी जावे : देशाचा नव्हे, ठिकाणाचा ऋतू पाहावा

थायलंडला कोणत्या महिन्यात जावे, या प्रश्नाचे ठरलेले उत्तर 'नोव्हेंबर ते फेब्रुवारी' असे आहे. अंदमान समुद्राच्या बाजूला असलेल्या फुकेत आणि क्राबीसाठी ते बऱ्याच अंशी बरोबरही आहे. मात्र हाच सल्ला प्रमाण मानून जो प्रवासी नोव्हेंबरमध्ये थायलंडच्या आखातातील को सामुई बेटावर उतरतो, त्याच्या वाट्याला तिथला वर्षातला सर्वाधिक पावसाचा महिना येतो. दोन्ही ठिकाणे एकाच देशात आहेत, त्यांच्या अक्षांशांतही फारसा फरक नाही आणि विमानाने एकाहून दुसऱ्याकडे जायला सुमारे तासभर पुरतो. तरीही त्यांचे पावसाळे वेगळे आहेत. देशाचे नाव आणि महिना यांची सरसकट जोडी लावणारे तक्ते उष्ण कटिबंधात का फसतात आणि त्यांच्याऐवजी काय पाहावे, हे समजायला थोडे हवामानशास्त्र पुरेसे आहे.

कर्कवृत्त आणि मकरवृत्त, म्हणजे विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि दक्षिणेला सुमारे साडेतेवीस अंशांपर्यंतचा पट्टा, हा उष्ण कटिबंध. या पट्ट्यात, विशेषतः विषुववृत्ताजवळ, उन्हाळा-हिवाळा हा भेद जवळजवळ निकामी ठरतो. सिंगापूरमध्ये सर्वांत उष्ण आणि सर्वांत कमी उष्ण महिन्यांच्या सरासरी तापमानातला फरक जेमतेम दोन अंश सेल्सिअस भरतो. तिथे दुपार आणि पहाट यांच्या तापमानात त्याहून कितीतरी जास्त अंतर असते. दिवसाची लांबीही वर्षभर बारा तासांच्या आसपासच राहते आणि संधिप्रकाश लवकर सरतो, त्यामुळे रेंगाळणाऱ्या लांब संध्याकाळींची अपेक्षा धरून कार्यक्रम आखू नये. गारवा हवा असेल तर तो महिना बदलून नव्हे, उंची बदलून मिळतो. दर किलोमीटर उंचीमागे तापमान साधारण सहा अंशांनी उतरते. म्हणूनच इक्वेडोरची राजधानी कीतो विषुववृत्तालगत असूनही सुमारे २,८५० मीटर उंचीमुळे तिथे वर्षभर स्वेटर लागतो. म्हणजे उष्ण कटिबंधात ऋतू ठरवतो तो पाऊस, आणि पाऊस कुठे, केव्हा पडणार हे सूर्य, वारा आणि डोंगर मिळून ठरवतात.

सूर्याचे काम आधी पाहू. जिथे सूर्याची उष्णता सर्वाधिक पोहोचते तिथली हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला उत्तर व दक्षिण गोलार्धांतले व्यापारी वारे दोन्हीकडून धावत येतात. ते जिथे एकमेकांना भिडतात तिथे बाष्पाने भरलेली हवा आणखी वर ढकलली जाते, ढग जमतात आणि पाऊस कोसळतो. पृथ्वीभोवती पसरलेला हा पाऊसपट्टा सूर्यामागोमाग सरकतो. जुलै-ऑगस्टमध्ये तो उत्तरेकडे असतो, जानेवारी-फेब्रुवारीत दक्षिणेकडे. जमीन आणि समुद्र तापायला वेळ लागत असल्यामुळे तो सूर्याच्या काही आठवडे मागेच राहतो.

एवढ्यावरून बरेच काही उलगडते. पट्ट्याच्या प्रवासाच्या टोकाशी असलेल्या ठिकाणी पाऊस वर्षातून एकदाच हजेरी लावतो, म्हणून बँकॉकला मे ते ऑक्टोबर असा एकच पावसाळा असतो. मधल्या ठिकाणांवरून मात्र पट्टा जाताना आणि परतताना असा दोनदा जातो. केनियात मार्च ते मे 'लांब पाऊस' आणि ऑक्टोबर ते डिसेंबर 'आखूड पाऊस' असे दोन पावसाळे मानतात ते यामुळेच. बाली बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे आठ अंशांवर असल्याने तिथे नोव्हेंबर ते मार्च ओला आणि एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ असतो, म्हणजे बँकॉकच्या जवळजवळ उलट. ज्यांच्या सुट्ट्या ठरलेल्या महिन्यांतच येतात त्यांच्यासाठी हा मुद्दा मोलाचा आहे. अशा प्रवाशांनी 'अमुक देशाला कधी जावे' असे विचारण्याऐवजी 'अमुक महिन्यात कुठे जावे' असे विचारावे. जुलैमध्येच रजा मिळत असेल तर आग्नेय आशियाच्या मुख्य भूमीवर भिजत बसण्यापेक्षा पाऊसपट्ट्याच्या दुसऱ्या बाजूची बेटे निवडणे केव्हाही शहाणपणाचे.

पण केवळ अक्षांश पाहून भागत नाही, कारण वारा आणि डोंगर हे चित्र विस्कटून टाकतात. समुद्रावरून आलेला दमट वारा डोंगराला अडला की वर चढतो, थंड होतो आणि आपले पाणी त्या बाजूला रिते करतो. पलीकडच्या पर्जन्यछायेत तो कोरडा होऊन उतरतो. हवाई बेटसमूहातल्या सर्वांत मोठ्या बेटावर पूर्वेकडील हिलो शहरात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या पश्चिम किनाऱ्याचे काही भाग जवळजवळ वाळवंटासारखे कोरडे आहेत. मध्ये ४,२०७ मीटर उंचीचा मौना केआ उभा आहे आणि व्यापारी वारे बहुतेक काळ ईशान्येकडूनच येतात, त्यामुळे कोणती बाजू ओली हे तिथे सहसा बदलत नाही.

श्रीलंकेत मात्र वारेच दिशा बदलतात, आणि म्हणून हा देश या विषयाचा उत्तम धडा ठरतो. मे ते सप्टेंबर वारे नैर्ऋत्येकडून येतात; त्या काळात गॉल, हिक्कडुवा, बेंटोटा या किनाऱ्यांवर पाऊस असतो आणि समुद्र खवळलेला असतो. बेटाच्या मध्यावर अडीच हजार मीटरपर्यंत चढलेला डोंगराळ प्रदेश हा पाऊस अडवतो, त्यामुळे त्याच दिवसांत पूर्व किनाऱ्यावरील त्रिंकोमाली आणि अरुगम बे येथे लख्ख ऊन असते. डिसेंबर ते फेब्रुवारी वारे ईशान्येकडून वाहू लागले की भूमिका बदलतात : पूर्व किनारा भिजतो, नैर्ऋत्य किनारा उघडतो. म्हणजे या बेटावर पूर्ण वर्षात असा काळ फार थोडा असतो की ज्यात एकही बाजू बरी नाही. चूक होते ती चुकीच्या महिन्यात गेल्यामुळे नव्हे, तर योग्य महिन्यात चुकीच्या किनाऱ्यावर खोली घेतल्यामुळे. मलेशियाचेही असेच आहे. पश्चिमेकडचे लांकावी ज्या दिवसांत गजबजलेले असते त्याच दिवसांत, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पूर्व किनाऱ्याजवळची पेरेन्तियान आणि रेदांग ही बेटे ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे बव्हंशी बंद असतात आणि बोटीही नीट चालत नाहीत. कोस्टारिकात पॅसिफिक किनारा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सर्वाधिक भिजतो, तर कॅरिबियन किनाऱ्यावर नेमके तेच महिने तुलनेने कोरडे असतात.

ठिकाण निश्चित झाले की त्या ठिकाणाचा, देशाचा नव्हे, महिनावार पावसाचा तक्ता शोधावा. तो वाचताना बहुतेक जण फक्त मिलिमीटरचा रकाना पाहतात आणि तिथेच घोटाळा होतो. एकूण पाऊस, पावसाचे दिवस आणि सूर्यप्रकाशाचे तास असे तीन आकडे एकत्र पाहिल्याशिवाय त्या महिन्याचे खरे रूप कळत नाही. दोनशे मिलिमीटर पाऊस दाखवणारा महिना क्वालालंपूरसारख्या शहरात फारसा आड येत नाही, कारण तिथे सकाळ स्वच्छ असते, दुपारी ढग चढतात, तासा-दोन तासांची धुवाधार सर येते आणि संध्याकाळी रस्ते पुन्हा वाळू लागतात. तिथे पाऊस गृहीत धरून बाहेरची कामे सकाळीच उरकली की दिवस वाया जात नाही. व्हिएतनामच्या मध्य किनाऱ्यावरील दा नांग, होई आन आणि हुए येथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पडणारा पाऊस मात्र वेगळ्या जातीचा आहे. ईशान्येकडील वारे समुद्रावरून बाष्प आणतात, पाठीमागचा डोंगर ते अडवतो, त्यात वादळांची भर पडते आणि संततधार दिवसचे दिवस टिकते. होई आनचे जुने गाव तर या काळात अनेकदा पुराच्या पाण्यात असते. याउलट हनोईचा फेब्रुवारी. तिथे त्या महिन्यात मिलिमीटर अगदी थोडे दिसतात, म्हणून तक्ता कोरडेपणाची ग्वाही देतो. प्रत्यक्षात रिपरिप, धुके आणि राखाडी आकाश यांतच दिवस जातात आणि कपडे वाळत नाहीत. पेरूची राजधानी लिमा हे याचे टोकाचे उदाहरण. पाऊस तिथे जवळजवळ पडतच नाही, तरीही जून ते ऑक्टोबर हे शहर ढगांच्या दाट थराखाली असते, कारण किनाऱ्यालगतचा हम्बोल्ट हा शीत सागरी प्रवाह खालची हवा थंड ठेवतो.

उकाड्याचा अंदाज घ्यायचा असेल तर तापमानासोबत दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव बनू लागते ते, पाहावा. सापेक्ष आर्द्रतेची टक्केवारी दिवसभरात खाली-वर होत असते, त्यामुळे तिच्यावरून काहीच पक्के सांगता येत नाही. दवबिंदू चोवीस अंशांच्या वर असेल तर घाम वाळत नाही, आणि तापमान तिशीत असले तरी दुपारची पायपीट असह्य होते.

आता 'कोरडा ऋतू' या नावाविषयी. हे नाव ऐकले की निरभ्र आकाश आणि निळा समुद्र डोळ्यांपुढे येतो, पण कोरड्या ऋतूची सुरुवात आणि त्याचा शेवट यांत फार मोठे अंतर असते. आग्नेय आशियाच्या मुख्य भूमीवर पाऊस येण्याआधीचा एप्रिल हा वर्षातला सर्वांत तापलेला महिना असतो. उत्तर थायलंडमध्ये चियांग माईच्या परिसरात फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत शेतातले खुंट आणि जंगलातला पालापाचोळा जळत असतो. त्या धुराने डोंगर दिसेनासे होतात आणि दम्याच्या रुग्णांना तिथे जाणे धोक्याचे ठरते. पश्चिम आफ्रिकेत नोव्हेंबर ते मार्च सहारा वाळवंटावरून येणारा हरमॅटन वारा आकाश धुळीने भरून टाकतो. इंडोनेशियात पाऊस लांबला की सुमात्रा आणि कालिमांतान येथील दलदलीची जमीन पेट घेते. १९९७ आणि २०१५ मध्ये त्या धुराने शेजारच्या सिंगापूर आणि मलेशियालाही वेढले होते. पर्जन्यमानाच्या तक्त्यात यातले काहीच दिसत नाही.

म्हणूनच, निवड करायला मिळाली तर कोरड्या ऋतूच्या ऐन मध्यापेक्षा पाऊस नुकताच ओसरल्यानंतरचे चार-सहा आठवडे मला अधिक पसंत आहेत. कंबोडियातील अंगकोरची मंदिरे नोव्हेंबरमध्ये पाहावीत : खंदक भरलेले असतात, झाडांवर धूळ नसते, हवा धुतलेली असते आणि तोनले साप सरोवर अजून फुगलेले असते. याच जागा मार्च-एप्रिलमध्ये पाहिल्या तर पाणी आटलेले, गवत करपलेले आणि ऊन माथ्यावर. वर्षअखेरीची गर्दीही नोव्हेंबरमध्ये अजून सुरू झालेली नसते. या पसंतीला एक अपवाद मात्र आहे. जिथे पावसाळ्याच्या उत्तरार्धातच चक्रीवादळे येतात तिथे हा हिशेब चालत नाही.

पाऊस सहन करता येतो, वादळ नाही. ऋतू निवडताना ही दोन संकटे एका मापाने मोजू नयेत. चक्रीवादळाला सुमारे साडेसव्वीस अंशांहून अधिक तापलेला समुद्र लागतो आणि त्याला फिरवण्यासाठी पृथ्वीच्या परिवलनातून निर्माण होणारे बल लागते. विषुववृत्ताजवळ हे बल जवळजवळ शून्य असल्याने दोन्ही बाजूंच्या साधारण पाच अंशांत वादळे क्वचितच तयार होतात. अटलांटिक आणि कॅरिबियनमध्ये हरिकेनचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असला तरी खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतो आणि त्याचे शिखर १० सप्टेंबरच्या आसपास येते. वायव्य पॅसिफिकमध्ये, म्हणजे फिलिपिन्सच्या बाजूला, टायफून वर्षात कधीही येऊ शकतात, परंतु जुलै ते ऑक्टोबर हे महिने विशेष जोखमीचे. दक्षिण गोलार्धातील मॉरिशस, मादागास्कर, फिजी आणि वानुआतू यांच्यासाठी नोव्हेंबर ते एप्रिल हा वादळांचा काळ आहे. सप्टेंबरमध्येच कॅरिबियनला जायचे असेल तर व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळची अरुबा, बोनेअर आणि कुरासाओ ही बेटे पाहावीत, कारण हरिकेनचे नेहमीचे मार्ग त्यांच्या उत्तरेकडून जातात. वादळाची शक्यता एखाद्या ठराविक आठवड्यात कमीच असते हे खरे; पण लहान बेटावर विमानतळ बंद झाला की बाहेर पडायला दुसरा रस्ता उरत नाही, आणि म्हणून हंगामाच्या ऐन भरात बेटावर जाण्यापेक्षा मोठ्या भूभागावरचे ठिकाण निवडणे बरे.

या सगळ्याच्या वर एक प्रश्न राहतो : तिथे जाऊन पाहायचे काय आहे? कारण त्याच्या उत्तरावरून चांगला ऋतू वाईट ठरू शकतो आणि वाईट चांगला. झांबेझी नदीवरील व्हिक्टोरिया धबधब्याचे पाहा. सुमारे १,७०० मीटर रुंद आणि शंभर मीटरहून अधिक उंच असा हा धबधबा एप्रिलमध्ये पूर्ण भरात असतो, कारण नदीच्या वरच्या खोऱ्यात दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळ्यात पडलेला पाऊस तोवर खाली पोहोचतो. पण त्या वेळी तुषारांचा लोट इतका उसळतो की समोरच्या कड्यावर उभ्या असलेल्या माणसाला पांढऱ्या पडद्यापलीकडे काही दिसत नाही. रेनकोट निरुपयोगी ठरतो आणि कॅमेरा बाहेर काढता येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हाच धबधबा झांबियाच्या बाजूने पाहिला तर काळ्या बेसॉल्टच्या उघड्या भिंतीवरून पाण्याच्या काही धारा ओघळताना दिसतात, आणि गर्जना ऐकायला गेलेला माणूस हिरमुसतो. पाणीही आणि दृश्यही हवे असेल तर या दोन टोकांच्या मधले जून ते ऑगस्ट हे महिने सोयीचे. ऑक्टोबरमध्येच जावे लागले तर निदान झिम्बाब्वेच्या बाजूने पाहावे, कारण मुख्य धारा तिथून दिसतात.

जवळच्याच बोट्स्वानातील ओकावँगो त्रिभुज प्रदेश तर पावसाच्या तक्त्याला सरळ खोटे पाडतो. अंगोलाच्या डोंगरांत पडलेले पाणी सपाट वाळूतून महिनोन् महिने सरकत येते आणि जून ते ऑगस्ट, म्हणजे स्थानिक पाऊस अजिबात नसताना, तिथला पूर कळसाला पोहोचतो. आजूबाजूचा प्रदेश सुकलेला असल्याने प्राणीही या पाण्याकडे ओढले जातात. अॅमेझॉनच्या खोऱ्यात मानाउस शहराजवळ रिओ नेग्रो नदीची पातळी जूनमध्ये सर्वोच्च असते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत सरासरी दहा मीटरच्या आसपास उतरते. जूनमध्ये होडी झाडांच्या शेंड्यांमधून वल्हवता येते, तर ऑक्टोबरमध्ये त्याच ठिकाणी पांढऱ्या वाळूचे किनारे उघडे पडतात. दोन्ही पाहण्याजोगे आहेत, पण एका सहलीत दोन्ही मिळणार नाहीत. मालदीवमध्ये डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ पोहण्यासाठी उत्तम, मात्र हनीफारू खाडीत मांटा रे या महाकाय माशांचे थवे पाहायचे असतील तर नैर्ऋत्य वाऱ्यांचे ओले महिनेच गाठावे लागतात, कारण त्यांचे खाद्य असलेले प्लवक त्याच काळात तिथे साचते. बोलिव्हियातील उयुनीचे मीठमैदान आकाशाचा आरसा बनते ते जानेवारी ते मार्च, मिठावर पाण्याचा पातळ थर असताना. पेरूतील माचू पिचूकडे जाणारी इंका पायवाट मात्र दर फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी बंद असते, त्यामुळे तिथे निवडीचा प्रश्नच उरत नाही.

आरोग्याच्या बाबतीत एवढेच ध्यानात घ्यावे की डासांमुळे होणारे डेंग्यूसारखे रोग पावसाबरोबर वाढतात आणि पाऊस थांबल्यावर लगेच कमी होत नाहीत.

तक्त्यांतल्या सरासऱ्या सहसा तीस वर्षांच्या नोंदींवरून काढलेल्या असतात, सध्या बहुतेक ठिकाणी १९९१ ते २०२० या काळाच्या. एखादे विशिष्ट वर्ष त्यापासून बरेच ढळू शकते. या ढळण्याचे सर्वांत मोठे ज्ञात कारण एल निन्यो आहे. पॅसिफिकचा मधला आणि पूर्वेचा पृष्ठभाग नेहमीपेक्षा तापला की इंडोनेशिया आणि उत्तर ऑस्ट्रेलिया कोरडे पडण्याकडे झुकतात, पूर्व आफ्रिकेतला आखूड पाऊस बहुधा जोर धरतो आणि अटलांटिकमधल्या हरिकेनांची संख्या साधारणपणे घटते. ला निन्यामध्ये, म्हणजे तोच पृष्ठभाग नेहमीपेक्षा थंड असताना, बरेचसे उलट घडते. याचा अंदाज काही महिने आधी जाहीर होत असतो, त्यामुळे तिकिटे काढण्यापूर्वी तो पाहता येतो. निघण्याच्या आठवड्यात मात्र मोबाइलवरच्या दहा दिवसांच्या अंदाजाने घाबरून जाऊ नये. ओल्या ऋतूत ते अॅप रोजच्या चौकोनात विजेसह ढगाचे चित्र दाखवते, मग पाऊस दुपारी चाळीस मिनिटे पडणार असो की दिवसभर. चित्र सोडून तासागणिक अंदाज उघडावा आणि पावसाची वेळ पाहावी. बोटीने जायचे असेल तर वाऱ्याचा वेग आणि लाटांची उंची पाहावी, कारण लख्ख उन्हातही दोन मीटरच्या लाटा असल्या की लहान बोटी सुटत नाहीत.